हलक्या विमानाचं पिस्टन इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उड्डाण शिकणारे, विमान विकत घेऊ पाहणारे आणि केवळ कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. दिलेले आकडे त्या त्या इंजिनापुरते आहेत. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

१. मोटारीच्या इंजिनात आणि विमानाच्या पिस्टन इंजिनात मूळ फरक काय?

तत्त्व एकच आहे: मिश्रण आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. फरक आहे तो राबण्याचा. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावणारी मोटार आपल्या कमाल शक्तीचा लहानसा हिस्साच वापरत असते. विमान उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती लावतं आणि पुढे तासन् तास ६५ ते ७५ टक्क्यांवर चालतं. शिवाय बिघाड झाला तर कडेला थांबायची सोय नाही.

म्हणून या इंजिनात मोडू शकेल असं काही जास्तीचं ठेवलेलंच नाही. बहुतेक इंजिनं हवेवर थंड होतात, त्यामुळे रेडिएटर, पाण्याचा पंप, रबरी नळ्या हे सगळं वगळलं जातं. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. गिअरबॉक्स नसतो, क्रँकशाफ्टच्या टोकालाच प्रोपेलर बसवलेला असतो. 'अजून १९५० च्या दशकातलीच रचना?' असं म्हणून बरेच जण नाक मुरडतात. मला ती रचना आदर करण्यासारखी वाटते. एका भागाने दगा दिला तरी बाकीच्यांनी चालत राहावं, हा विचार तिच्यात पदोपदी दिसतो.

२. पाच लिटरचं इंजिन आणि शक्ती फक्त १६० अश्वशक्ती? इतकी कमी का?

कारण प्रोपेलर. लायकॉमिंग या कंपनीचं ओ-३२० हे इंजिन साधारण ५.२ लिटरचं आहे आणि मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १५० ते १६० अश्वशक्ती देतं. फेरे वाढवले तर शक्ती वाढेल, पण पात्याची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातील आणि तिथे प्रोपेलरची कार्यक्षमता कोसळते, गोंगाट मात्र वाढतो. १.९ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेतो तेव्हा त्याची टोकं सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने फिरत असतात. ध्वनीचा वेग जमिनीलगत सेकंदाला ३४० मीटर. म्हणजे फार मोकळीक उरत नाही.

मग कमी फेऱ्यांत पुरेशी शक्ती हवी असेल तर सिलिंडर मोठे करावे लागतात. ओ-३२० च्या सिलिंडरचा व्यास सुमारे १३० मिलिमीटर आहे. दुसरी वाट म्हणजे लहान इंजिन जोरात फिरवायचं आणि मध्ये गिअर घालायचा. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. ओ-२३५, आयओ-३६० या नावांचा अर्थ काय?

'ओ' म्हणजे सिलिंडर समोरासमोर आडवे, 'आय' म्हणजे इंधन इंजेक्शन, 'टी' म्हणजे टर्बोचार्जर. पुढचा आकडा म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं मिळून घनफळ, घनइंचांत आणि थोडं गोळाबेरीज करून. सेस्ना १५२ मध्ये ओ-२३५ असतं, ११० अश्वशक्तीचं. सेस्ना १७२ एसमध्ये आयओ-३६०, १८० अश्वशक्तीचं. मागे लावलेली अक्षरं आणि आकडे फार महत्त्वाचे असतात: एकाच ओ-३२० चे काही प्रकार सिलिंडरमधलं मिश्रण ७ पट दाबतात, काही ८.५ पट. सुटे भाग मागवताना इंजिनाच्या पाटीवरचं पूर्ण नाव उतरवून घ्या.

४. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग कशाला?

पहिलं कारण सुरक्षितता. इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. प्रत्येक मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यातून स्वतःची वीज तयार करतो आणि प्रत्येक सिलिंडरमधला एक प्लग सांभाळतो. बॅटरी मेली, अल्टरनेटर जळाला, कॉकपिटमधले सगळे दिवे गेले तरी इंजिनाला त्याची खबरही लागत नाही.

दुसरं कारण ज्वलनाचं आहे. रुंद सिलिंडरमध्ये एकाच कोपऱ्यातून आग लागली तर ती दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी पेटवलं की ज्वलन लवकर आणि नीट होतं.

५. उड्डाणापूर्वी मॅग्नेटो तपासताना फेरे कमी होतात. हा बिघाड आहे का?

नाही, ते कमी व्हायलाच हवेत. एक मॅग्नेटो बंद केला की ज्वलन एकाच बाजूने होतं, मंदावतं आणि फेरे उतरतात. सेस्ना १७२ एसमध्ये ही तपासणी १८०० फेऱ्यांवर करतात. कोणत्याही एका मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त फेरे उतरू नयेत आणि दोघांच्या घटीत ५० पेक्षा जास्त फरक नसावा.

फेरे मर्यादेत उतरले पण इंजिन थरथरू लागलं, तर बहुतेक वेळा एखादा प्लग शिशाने किंवा ऑइलने माखलेला असतो. थोडे जास्त फेरे ठेवून आणि मिक्श्चर (हवेत मिसळणाऱ्या इंधनाचं प्रमाण) कमी करून मिनिटभर चालवलं की तो अनेकदा साफ होतो. नाही झाला तर उड्डाण रद्द.

खरी भीती मात्र फेरे अजिबात न उतरण्याची. विद्यार्थ्यांना वाटतं, वा, एकही फेरा कमी झाला नाही! पण त्याचा अर्थ असा असू शकतो की बंद केलेला मॅग्नेटो बंद झालाच नाही. तो पुढच्या प्रश्नाचा विषय.

६. चावी काढून घेतली आहे. आता प्रोपेलर हाताने फिरवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मॅग्नेटोची चावी आपल्या ओळखीच्या स्विचांच्या उलट चालते. 'बंद' केल्यावर ती वीज तोडत नाही, एका तारेतून मॅग्नेटोला जमिनीशी जोडते, म्हणजे अर्थ करते. ती तार तुटली किंवा सैल झाली की चावी खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असेल तर पातं जरासं ढकलल्यावर इंजिन पेटू शकतं. सुरू करणं सोपं व्हावं म्हणून मॅग्नेटोत एक स्प्रिंग-कपलिंग असतं. ते हळू फेऱ्यांतही झटक्याने जोरदार ठिणगी देतं आणि इथे तेच घातक ठरतं.

प्रत्येक प्रोपेलर चालू आहे असं धरूनच त्याच्याजवळ जा. इंजिन बंद करताना मिक्श्चर पूर्ण मागे ओढून बंद करतात, चावीने नाही, तेही याचसाठी: सिलिंडरमध्ये इंधन उरू नये. तसं बंद करताना अगदी शेवटी फेरे किंचित वाढून मग इंजिन थांबलं, तर निष्क्रिय चालीचं मिक्श्चर योग्य जुळलेलं आहे असं समजा.

७. या इंजिनाला कोणतं इंधन लागतं? त्यात अजून शिसं असतं हे खरं आहे का?

खरं आहे. विमानांच्या पेट्रोलला एव्हगॅस म्हणतात. त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं एव्हगॅस १०० एलएल निळ्या रंगाचं असतं. 'एलएल' म्हणजे कमी शिसं, पण त्यातही लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. मोटारींचं शिसंयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये जगातून हद्दपार झालं. विमानांचं राहिलं, कारण जास्त दाबाच्या इंजिनांत शिशाशिवाय डेटोनेशन होतं. मिश्रण ठिणगीनंतर सलग जळण्याऐवजी काही भाग एकदम स्फोटासारखा पेटतो आणि पिस्टन, सिलिंडर हेड काही मिनिटांत खराब होतात.

बदल सुरू झाला आहे. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये १०० ऑक्टेनच्या शिसंविरहित जी१०० यूएलला व्यापक मान्यता दिली, आणि तिथे २०३० पर्यंत शिसं काढून टाकण्याचं उद्दिष्ट आहे. हे लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं. शिसं विमानतळाशेजारी राहणाऱ्या मुलांच्या शरीरात जातं, आणि इंजिनालाही त्याचा त्रासच होतो.

८. मग पंपावरचं मोटारीचं पेट्रोल का नाही घालायचं?

कमी दाबाच्या काही इंजिनांना ते चालतं, पण इंजिन आणि विमान दोघांनाही तशी लेखी मान्यता असेल तरच. ऑक्टेन हा एकच मुद्दा नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि जुन्या विमानांतली रबरी सीलं व टाकीचा लेप खराब करतं. शिवाय हे पेट्रोल लवकर उडून जातं. उंचीवर, गरम इंजिनाजवळच्या नळ्यांत त्याची वाफ होऊन इंधनाचा प्रवाह अडू शकतो.

९. चुकून जेट इंधन भरलं गेलं तर इंजिन सुरूच होणार नाही, बरोबर?

सुरू होईल. घात होतो तो यामुळेच. नळ्यांत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या चांगल्या एव्हगॅसवर इंजिन सुरू होतं, धावपट्टीपर्यंत जातं, तपासणीतही पास होतं आणि उड्डाणानंतर जेट इंधन पोचल्यावर डेटोनेशनने मान टाकतं.

इंधन भरताना स्वतः उभे राहा. टाकीतून नमुना काढून प्रकाशात धरा: निळेपणा फिका वाटला तर संशय घ्या. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं. काउलिंगवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, ठळक 'टर्बो' लिहिलेलं असेल तर जास्तच सावध राहा, कारण ते वाचून विमान टर्बाइनचं आहे असा भरणाऱ्याचा समज झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

नमुन्याबद्दल आणखी एक. संपूर्ण नमुना पाण्याचाच आला तर त्यात थर दिसणार नाही, सगळं स्वच्छच दिसेल. म्हणून 'थेंब खाली बसलेत का' एवढंच न पाहता रंग आणि वासही बघायचा.

१०. मिक्श्चर कधी कमी करायचं? कमी केलं तर इंजिन जळतं म्हणतात.

उंचीवर हवा विरळ होते, इंधन मात्र तेवढंच येत राहतं, म्हणून ते हाताने कमी करावं लागतं. नुकसानीची भीती जास्त शक्तीवर आहे. लायकॉमिंगच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांत ७५ टक्के किंवा कमी शक्तीवर क्रूझ (एकसारखं सरळ उड्डाण) करताना कोणत्याही उंचीवर मिक्श्चर कमी करायला हरकत नाही. साधी पद्धत: हळूहळू मागे ओढा, इंजिन जरा अडखळलं की ते पुन्हा मऊ चालेपर्यंत पुढे सारा. धुराच्या तापमानाचा काटा असेल तर तापमान चढत जाऊन कुठे उतरू लागतं ते दिसतं आणि नेमकं जुळवता येतं.

जमिनीवर मात्र लोक हे विसरतात. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मिक्श्चर पूर्ण पुढे ठेवलं की प्लगवर शिसं साचतं (प्रश्न ५). जमिनीवर ते इतकं कमी ठेवा की चुकून तसंच थ्रॉटल पुढे केलं तर इंजिन घुटमळेल आणि चूक लगेच लक्षात येईल. थोडंसंच कमी करणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्या स्थितीत उड्डाण होऊन जातं आणि सिलिंडर तापतात.

११. बाहेर २० अंश तापमान असताना कार्बोरेटरमध्ये बर्फ कसा धरेल?

धरतो, आणि अशाच हवेत लोक गाफील असतात. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो आणि त्याच जागी पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. हवा दमट असेल तर त्यातली वाफ थ्रॉटलच्या झडपेवर गोठते. कमी शक्तीवर उतरताना धोका सर्वाधिक, कारण झडप जवळजवळ बंद असते आणि थोडासा बर्फही वाट बुजवतो.

हे कसं घडतं ते बारकाईने पाहू. साधा, पात्यांचा कोन न बदलणारा प्रोपेलर असलेल्या विमानात थ्रॉटलला हात न लावता फेरे हळूहळू उतरतात, २४०० चे २३५०, मग २३००. बरेच जण नकळत थ्रॉटल थोडं पुढे सारून ते भरून काढतात आणि पहिली खूण पुसून टाकतात. मग कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा दांडा) ओढली की फेरे आणखी उतरतात, इंजिन खडखडतं, कारण गरम हवा विरळ असते आणि वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. घाबरलेला हात इथेच कार्ब हीट परत बंद करतो. तसं करू नका. ती पूर्ण उघडी ठेवा. थोड्या वेळाने इंजिन सावरतं, फेरे चढू लागतात.

उशीर मात्र परवडत नाही. ही उष्णता धुराच्या नळीतूनच येते. इंजिन दमलं की नळी थंड होते आणि उपायच संपतो. लायकॉमिंगमध्ये कार्बोरेटर गरम ऑइल-संपाला, म्हणजे ऑइल साठणाऱ्या तळभांड्याला, जोडलेला असतो, त्यामुळे तिथे त्रास जरा कमी. काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीच्या ओ-२०० सारख्या इंजिनांत जास्त. जमिनीवर कार्ब हीट तपासण्यापुरतीच वापरा, कारण ती हवा गाळून येत नाही.

१२. इंजेक्शनच्या इंजिनाला बर्फाची भीती नाही ना?

कार्बोरेटरच नाही, म्हणून तसा बर्फ नाही. पण ढगांतला बर्फ हवेच्या फिल्टरवर साचू शकतो आणि त्यासाठी पर्यायी हवेची वाट असते. इंजेक्शनची खरी कटकट म्हणजे गरम इंजिन पुन्हा सुरू करणं. इंजिनावरच्या बारीक नळ्यांत पेट्रोलची वाफ झालेली असते. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत गरम सुरुवातीची वेगळी पद्धत दिलेली असते, ती पाठ करा.

१३. सिलिंडरचं तापमान किती असावं? शक्ती झटकन कमी केली तर सिलिंडर तडकतात का?

लायकॉमिंगची लाल रेष, म्हणजे कमाल मर्यादा, २६० अंश सेल्सिअसला आहे, पण रेषेच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि तापलं की त्याची ताकद घटते. क्रूझमध्ये २०५ अंशांच्या आत ठेवलेले सिलिंडर जास्त टिकतात. तापमान चढत असेल तर आधी हवेची वाट बघा. हवा वरून शिरून सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या फिन्समधून खाली जावी म्हणून इंजिनाभोवती पत्रे आणि रबरी पट्ट्या असतात. एक पट्टी उलटी वळली तरी हवा भलतीकडून निघून जाते.

एकदम गार झाल्याने तडे जातात की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. मी तरी शक्ती टप्प्याटप्प्यानेच कमी करा असं सांगेन. उतरण्याचं नियोजन थोडं आधी करावं लागतं, एवढंच.

१४. ऑइल काठोकाठ भरावं का? मोटारीचं चांगलं ऑइल चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. मोटारीच्या ऑइलमधल्या धातूच्या मिश्रकांची राख होते. ती राख सिलिंडरमध्ये लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. म्हणून विमानाचं ऑइल राख न करणारं असतं.

ओ-३२० मध्ये साडेसात लिटरच्या आसपास ऑइल मावतं. काठोकाठ भरलं तर अनेक इंजिनं वरचं ऑइल श्वसननळीतून पोटाखाली उडवून देतात. सहा-साडेसहा लिटरवर ती शांत होतात. बदल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल ते. पूर्ण फिल्टर नसून नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. काढलेला फिल्टर कापून उघडून बघाच. घड्यांत चमकणारे कण पोटातल्या झिजेबद्दल सर्वांत आधी सांगतात.

नव्या सिलिंडरांना सुरुवातीला साधं खनिज ऑइल आणि भरपूर शक्ती द्या. त्या काळात लाडाने हळू चालवलं तर पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन कायम ऑइल पीत राहतं.

१५. २००० तास झाले की इंजिन संपलं का?

लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांसाठी संपूर्ण दुरुस्तीची शिफारस २००० तासांची किंवा १२ वर्षांची आहे. ती शिफारस आहे. खाजगी विमानांना अनेक देशांत ती ओलांडता येते, व्यावसायिक वापराचे नियम कडक असतात. नियमित उडणारं, सिलिंडरचा दाब चांगला असलेलं, फिल्टर स्वच्छ असलेलं २१०० तासांचं इंजिन मला वर्षानुवर्षं हँगरमध्ये पडून राहिलेल्या ४०० तासांच्या इंजिनापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. का, ते प्रश्न १८ मध्ये.

१६. रोटॅक्सला हेच नियम लागू आहेत का?

बरेचसे नाहीत. रोटॅक्स या कंपनीचं ९१२ यूएलएस अवघं १३५२ घनसेंटीमीटरचं आहे, ५८०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देतं, आणि २.४३ पट गिअरमुळे प्रोपेलर सुमारे २३९० फेऱ्यांवर फिरतो. सिलिंडर हवेवर, हेड पाण्यावर थंड होतात. त्याला शिसंविरहित पेट्रोल आवडतं. एव्हगॅस जास्त वापरलं तर ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावं लागतं.

ऑइल वेगळ्या टाकीत असतं. म्हणून पातळी बघण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवून ऑइल टाकीत परत आणावं लागतं. प्रश्न ६ मधली सगळी काळजी घेऊन, आणि फक्त सरळ दिशेने. उलट फिरवलं तर ऑइलच्या वाटेत हवा शिरते.

१७. डिझेल इंजिनं इतकी चांगली असतील तर सगळीकडे का नाहीत?

जेट इंधनावर चालतात, कमी पितात, मिक्श्चर नाही, मॅग्नेटो नाही, कार्बोरेटरचा बर्फ नाही, एकच दांडा. ऑस्ट्रो एई३०० हे मोटारीच्या दोन लिटर डिझेल इंजिनावरून घडलेलं १६८ अश्वशक्तीचं इंजिन याचं उत्तम उदाहरण. पण वजन सुमारे १८५ किलो, आणि सगळा कारभार संगणकाकडे, म्हणजे विजेकडे. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे बॅटरी उतरलेलं एक डायमंड डीए४२ विमान बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवलं गेलं. चाकं आत घेताना विजेचा दाब क्षणभर कोसळला आणि दोन्ही डिझेल इंजिनं एकाच वेळी थांबली. त्यानंतर रचनेत सुधारणा झाल्या. तरी प्रश्न ४ मधल्या मॅग्नेटोची किंमत या घटनेवरून कळते.

१८. विमान महिनोन् महिने उभं आहे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवतो. पुरेसं आहे ना?

कृपया हे थांबवा. ज्वलनातून पाणी तयार होतं आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. दहा मिनिटांत ऑइल इतकं तापत नाही की ते पाणी उडून जाईल. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही आत ओल भरता. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. ऑइल निथळलं की तोच आधी उघडा पडतो, त्यावर गंज धरतो, आणि पुढे चालताना तो गंज पृष्ठभाग खरवडून काढतो.

निर्मात्याची अपेक्षा अशी: तीस दिवसांत किमान एकदा, ऑइल ७४ ते ९३ अंशांवर ठेवून तासभराचं सलग उड्डाण. ते शक्य नसेल तर इंजिन रीतसर साठवणीत घाला: संरक्षक ऑइल, ओल शोषणारे प्लग, बंद केलेल्या नळ्या. उभ्या विमानाचा प्रोपेलर अधूनमधून हाताने फिरवू नका. उरलासुरला ऑइलचा थर त्याने पुसला जातो.

१९. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटभर अडखळतं, मग छान चालतं. दुर्लक्ष करू का?

नको. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, अडकू लागल्याची ही ठरलेली खूण आहे. गाइडमध्ये काजळीचा थर बसतो, थंडपणी व्हॉल्व्ह नीट सरकत नाही, गरम झाल्यावर सुटतो. एक दिवस तो सुटणार नाही आणि त्याला ढकलणारी पुशरॉड वाकेल. मेकॅनिककडून गाइड साफ करून घेणं हे सिलिंडर न काढताही होतं.

२०. प्रोपेलर उंच गवताला घासला. पातं जरासं वाकलं, इंजिन मस्त चालतंय. फक्त पातं बदलून चालेल?

नाही. इंजिन चालू असताना अडथळ्यामुळे फेरे उतरले, किंवा इंजिन बंद असतानाही पात्याला किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती लागली, तर लायकॉमिंग त्याला प्रोपेलर-आघातच मानतं, मग अडथळा गवताचा असो की पाण्याचा, आणि इंजिन उघडून तपासायला सांगतं.

कारण नुकसान दिसतं त्याच्या दुसऱ्या टोकाला असतं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावर एक गिअर असतो. एका बोल्टने आणि एका छोट्या खिळीने तो धरलेला असतो. कॅमशाफ्ट आणि दोन्ही मॅग्नेटो त्याच गिअरवर चालतात. आघाताचा पीळ त्या खिळीवर येतो. ती पन्नास तासांनी तुटली तर व्हॉल्व्ह आणि दोन्ही ठिणग्या एकाच क्षणी बंद होतात, आणि दोन मॅग्नेटो असल्याचा काहीही उपयोग होत नाही.

जुनं विमान घेताना नोंदवहीत प्रोपेलर बदलल्याची तारीख शोधा, मग त्याच तारखेच्या आसपास इंजिन उघडल्याची नोंद आहे का ते बघा. पहिली नोंद आहे आणि दुसरी नाही, असं असेल तर व्यवहारापूर्वी त्या गिअरची तपासणी मागा.